छर्ऱ्याचं वजन तेच, धातू मात्र वेगळा

प्रश्न : एअरसॉफ्टच्या (खेळण्यातल्या बंदुकीने एकमेकांवर छोटे गोल छर्रे झाडायचा खेळ) सामन्यात माझा छर्रा लागून समोरच्या खेळाडूचा पुढचा दात तुटला. नियम फक्त प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांचा होता, मी ६ मिमीचे ॲल्युमिनियमचे भरले होते. पण वजन ०.३० ग्रॅम, म्हणजे ०.३० च्या प्लॅस्टिक छर्ऱ्याइतकंच! सकाळी बंदूक वेगचाचणीत पास झाली होती. त्याने डोळ्यांना गॉगल लावला होता, तोंडावर मास्क नव्हता. शिवाय खेळण्याआधी सगळ्यांनी ‘इजा झाल्यास तक्रार नाही’ असं लिहून दिलंय. आता तो भरपाई मागतोय. द्यावी लागेल का?

उत्तर : बहुधा हो. पण तो मागतोय ती सगळीच नाही.

तुमचा वजनाचा हिशोब बरोबर आहे. वजन आणि वेग सारखे, तर ऊर्जाही सारखी. दातापुढे मात्र हा हिशोब अपुरा पडतो. प्लॅस्टिकचा छर्रा कठीण जागी आपटला की किंचित चेपतो, कधी फुटतो. थोडी ऊर्जा त्यातच खर्च होते. ॲल्युमिनियम एबीएस या साध्या कडक प्लॅस्टिकपेक्षा सुमारे ३० पट ताठ. ते दबत नाही, तोच धक्का आणखी कमी वेळात बसतो आणि जोर वाढतो. मांडीवर लागला असता तर फरक फारसा कळला नसता, कारण तिथे दबायचं काम मांडीच करते. दात दबत नाही.

वेगचाचणीच्या शिक्क्यावरही फार विसंबू नका. ती ०.२० ग्रॅमच्या प्लॅस्टिक छर्ऱ्याने झाली असेल (तसाच प्रघात आहे), तर ती त्या छर्ऱ्यापुरतीच. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला की त्याची ऊर्जा १ ज्यूल होते. काही बंदुकांत, विशेषतः गॅसवरच्या, जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो आणि जास्त ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. समोरचा वकील हे विचारणारच.

आता त्या कागदाबद्दल. खेळाडू संमती देतो ती ठरलेल्या नियमांत खेळताना होणाऱ्या इजेला. धातूचा छर्रा त्या संमतीत बसत नाही. आणि तो कागद एकदा नीट वाचा : अशा कागदांत बऱ्याचदा फक्त आयोजकाला सूट दिलेली असते, तुमचं त्यात नावही नसतं. ‘फक्त प्लॅस्टिक’ हा नियम आयोजकाची लहर होती, असंही म्हणू नका. ब्रिटनच्या १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये तर एअरसॉफ्ट बंदुकीची व्याख्याच ८ मिमीपर्यंतच्या गोल प्लॅस्टिक छर्ऱ्यावर उभी आहे. तुमच्या इथला कायदा धातूच्या छर्ऱ्याकडे कसा पाहतो, ते स्थानिक वकिलाला आधी विचारा. फौजदारी तक्रार होऊ शकते का, हे त्यावरच ठरेल.

तुमची खरी बाजू कार्यकारणाची आहे. त्याच अंतरावरून ०.३० च्या प्लॅस्टिक छर्ऱ्यानेही दात तुटला असता का? तुटू शकतो, म्हणून तर चेहऱ्याचा खालचा भाग झाकणारे मास्क असतात. नियम तुम्ही मोडला हे खरं, पण इजा त्या नियमभंगामुळेच झाली हे त्याने दाखवायला हवं. पण मला वाटतं, निव्वळ या मुद्द्यावर सुटका होणं अवघड आहे. मास्क न लावण्याचा मुद्दा त्याहून उपयोगी. मास्क सक्तीचा असेल, तर भरपाईतला बराच भाग कापला जाऊ शकतो. नुसती सूचना असेल, तर थोडा.

उरलेले छर्रे पिशवीसकट जपून ठेवा. ते फेकून दिलेत तर पुरावा लपवल्यासारखं दिसेल, आणि तुमचा ०.३० चा दावाही त्या पिशवीबरोबरच जाईल. खेळाडूंच्या ग्रुपवर ‘प्लॅस्टिकचाच होता’ असं लिहून बसला असाल तर तो मेसेज पुसू नका, मला दाखवा. खेळाचा विमा असेल तर कंपनीला आजच कळवा. दाताच्या उपचाराचा खर्च तडजोडीत द्यायची तयारी ठेवा, पण विमा कंपनीला विचारल्याशिवाय रक्कम कबूल करू नका. काही पॉलिसींत परस्पर दिलेल्या कबुलीवर दावा नाकारला जातो.