तोंडाला वास येणं म्हणजे म्हातारपण नव्हे

या खेपेला बरेचसे प्रश्न वयस्कर प्राण्यांच्या दात-हिरड्यांचे आहेत, म्हणून तेच एकत्र घेतो.

आमचा पॉमेरेनियन ११ वर्षांचा आहे. तोंडाला वर्षभर वास येतो, भाकरीचा तुकडा उचलतो आणि टाकून देतो. दात साफ करायला भूल द्यावी लागेल म्हणतात. या वयात सोसेल का? (कराड)

तुकडा उचलतोय म्हणजे भूक आहे. टाकतोय म्हणजे चावताना दुखतंय. त्याचा वरचा ओठ हलकेच उचलून मागच्या दाढा बघा. तिथे पिवळं-तपकिरी किटण आणि कडेला लालभडक हिरडी दिसेल. कुत्र्याला ४२ दात. पॉमेरेनियनच्या एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीनं बसतात, म्हणून या जातीला हा त्रास जास्त.

नुसत्या वयामुळे भूल नाकारू नका. आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृताचं काम बघतात, हृदय तपासतात, मग ठरवतात. भूल न देता खरवडलं तर दात वरवर चकचकीत दिसतात, पण हिरडीखालचा पू तिथेच राहतो. माझ्याकडे अशाच एका कुत्र्याची दाढ फक्त किटणानं धरून ठेवली होती. किटण सुटलं तशी दाढ चिमट्यात आली. पंधरा दिवसांनी मालकीणबाई सांगत होत्या, “डॉक्टर, आता ताटाशी येऊन बसतो.” दात काढला तर खाणार कसा, ही भीती सगळ्यांना असते. दुखऱ्या दातापेक्षा बिनदाताचं तोंड बरंच सुखाचं असतं.

आई रोज कुत्र्याच्या हिरड्यांना हळद-मीठ चोळते. आमची टूथपेस्ट वापरली तर? (सांगली)

आईंची माया कळते, आणि हळदीच्या गावात हळद आठवणारच. पण दगडासारखं झालेलं किटण हळदीनं सुटत नाही आणि मीठ सुजलेल्या हिरडीला झोंबतं. मग कुत्रा तोंडाला हातच लावू देत नाही. माणसांची टूथपेस्ट नको. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. लहान मुलांच्या मऊ ब्रशनं दातांची बाहेरची बाजू रोज घासा. मात्र आधी उपचार, मग ब्रश.

आमचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) सहा वर्षांचा आहे. लाळ गाळतो, पंजानं तोंड ओरबाडतो. दात दुखत असेल का? (सातारा)

असेलही. पिंजऱ्याच्या गजांना चावून फेरेटचे सुळे तुटतात, हिरड्याही सुजतात. पण सहा वर्षं म्हणजे फेरेटचं उतारवय, आणि या वयात हीच लक्षणं रक्तातली साखर उतरल्याचीही असतात. स्वादुपिंडात गाठ होते आणि इन्सुलिन जास्त तयार होतं. तो मध्येच एकटक बघत राहतो का, मागचे पाय लटपटतात का, हे बघा. फेरेट हाताळणारे डॉक्टर कदाचित पुण्यात शोधावे लागतील, पण साखर साताऱ्यातही मोजता येते. ती आजच मोजा. दाताच्या उपचारासाठी त्याला रात्रभर उपाशी ठेवू नका. फेरेट निपचित पडलाच, तर हिरडीला थोडा मध लावा आणि तसेच दवाखान्यात न्या. झटके येत असतील तर बोट दातांमध्ये घालू नका.

मांजरीचं तोंड सुजलंय, खात नाही. पॅरासिटामॉल पाव गोळी दिली तर चालेल? (वाई)

अजिबात नाही. पॅरासिटामॉलनं मांजर दगावतं, पाव गोळीनंसुद्धा. एव्हाना दिली असेल, तर गोळीचं पाकीट सोबत घ्या आणि आत्ता निघा.