गावातल्या २२ जणांची गाइडसह लडाख सहल आहे, गोंपा आणि पँगाँगचा मुक्काम. ६१ वर्षांच्या आईला पाठवू का?

तुम्ही लिहिलंय की विहाराच्या मंडळातून २२ जण सप्टेंबरात निघतायत. सहल सात दिवसांची, दिल्लीहून विमानाने लेह. त्यात सहा गोंपा म्हणजे तिकडचे बौद्ध मठ, नुब्रा खोऱ्यात आणि पँगाँग सरोवराकाठी तंबूत मुक्काम. आईंचे गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे.

पाठवा. पण या कार्यक्रमावर पाठवू नका. आणि पैसे भरायच्या आधी एक काम करा, जे मला तरी कोणत्याच टूरवाल्याने सांगितलं नव्हतं: जाणाऱ्या सगळ्यांची सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तातल्या दोषाची तपासणी.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, धानाची शेती करतो. दोनदा लडाखला गेलो. पहिल्यांदा २०१८ मध्ये आम्ही १९ जण तुमच्यासारख्याच सात दिवसांच्या सहलीवर होतो. सकाळी लेहला उतरलो, दुसऱ्या दिवशी तीन गोंपा, तिसऱ्या दिवशी थेट पँगाँग. त्या रात्री नऊच्या सुमारास माझा आतेभाऊ म्हणाला, "डाव्या बरगडीखाली लय दुखते गा." जेवणात राजमा होता, म्हणून आम्ही गॅस समजलो. ओवा दिला, गरम पाणी दिलं. अकरापर्यंत त्याला सरळ बसता येईना. गुडघे पोटाशी घेऊन, डाव्या अंगावर हात दाबून तो कॉटवर पडलेला, आणि टॉर्चच्या उजेडात त्याचे ओठ जांभळट दिसत होते. ऑक्सिजनची एकच टाकी सोबत होती, ती अर्ध्या तासात संपली.

आम्ही म्हटलं, गाडीत घालून खाली नेऊ. तेव्हा ड्रायव्हरने जे सांगितलं त्याने माझे हातपाय गळाले. पँगाँग साधारण १४,००० फुटांवर आहे आणि लेह ११,५००. पण मधल्या रस्त्यात चांग-ला खिंड आहे, साडेसतरा हजार फुटांची. म्हणजे श्वास कोंडलेल्या माणसाला खाली न्यायचं तर आधी आणखी साडेतीन हजार फूट वर चढवायचं. सहलीच्या पत्रकावर तलावाचा निळा फोटो असतो, ही खिंड नसते. ड्रायव्हर लडाखी होता, शांत माणूस. त्याने रातोरात गाडी काढली. खिंडीवर फौजेच्या जवानांनी ऑक्सिजन लावला आणि उजाडताना आम्ही लेहच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठले? नागपूरकडचे म्हटल्यावर दुसरा: घरात कोणाला सिकलसेल? त्याच्या बहिणीच्या मुलीला आहे. तिला किती वेळा भरती केलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. पण हा स्वतः चिखलणी करणारा, धानाचं पोतं पाठीवर घेणारा गडी. याचीही तपासणी करावी असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोनोग्राफीत दिसलं की प्लीहेच्या, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या पाणथरीच्या एका भागाचा रक्तपुरवठाच बंद पडला होता. आठवडाभराने तो चालता-फिरता झाला. गावी आल्यावर रक्त तपासलं तर वाहक निघाला, एएस. म्हणजे दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेला.

सिकलसेल आपल्या झाडीपट्टीतल्या, एकूणच विदर्भातल्या किती घरांत आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोंड, माडिया, परधान समाजांत आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे. वाहकाला गावात आयुष्यभर काही जाणवत नाही. पण उंचीवर हवेचा दाब उतरला, श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन कमी झाला, की त्याच्याही लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकू शकतात, आणि पहिला फटका बरेचदा प्लीहेला बसतो. म्हणून डाव्या बरगडीखालच्या दुखण्याला तिथे गॅस म्हणायचं नाही.

तपासणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या रक्ताची सोल्युबिलिटी नावाची पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी सांगते की माणूस वाहक आहे की रुग्ण. जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, आशाताईंना विचारलं तरी कुठे जायचं ते कळेल. ज्यांच्याकडे आधीपासून कार्ड आहे त्यांनी ते लपवू नये. सहल रद्द होईल म्हणून लोक लपवतात, मी पाहिलंय. एसएस, म्हणजे दोष दोघांकडून आलेला रुग्ण असेल त्याने लेहचं नावही काढू नये. वाहकाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. माझं मत विचाराल तर वाहकाने खिंडी आणि पँगाँग सोडूनच द्यावं.

आता बाकीच्यांचं. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. आपलं चिखलदरा, जिथे गेल्यावर हवा पातळ वाटते असं लोक म्हणतात, ते ३,६०० च्या आसपास. त्याच्या तिपटीहून जास्त उंचीवर विमान दीड तासात नेऊन सोडतं. लेहला एका श्वासात आपल्याकडच्या दोन-तृतीयांशच ऑक्सिजन येतो, खिंडींवर निम्मा. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि तेवढेच दिवस टूरवाला कापतो, कारण "आराम" हा शब्द पत्रकावर विकला जात नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं इथवर ठीक, थांबायचं आणि वर चढायचं नाही. पण बसल्या जागी दम लागला, खोकला सुटला, चालताना झोक जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला त्याच घटकेला खाली न्यायचं. ऑक्सिजन हा रस्त्यापुरता आधार आहे, औषध म्हणजे उतरणं.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात. ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी. ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे त्यांनी तर आधी सांगावंच. तिने लघवी वारंवार होते, बोटांना मुंग्या येतात. आणि इथे बायांची एक अडचण आहे, ती कोणी बोलत नाही. रस्त्यात संडास नाही म्हणून आपल्या आया-बहिणी पाणीच पीत नाहीत. माझ्या मावशीने लेह ते नुब्रा घोटभर पाण्यावर काढलं आणि संध्याकाळी डोकं धरून बसली. गाडी दर दीड-दोन तासांनी कुठे थांबणार, ते आईंच्या समोर टूरवाल्याकडून वदवून घ्या.

दुसऱ्यांदा २०२३ मध्ये आम्ही १४ जणच गेलो, ११ दिवसांसाठी, आणि क्रम स्वतः ठरवला. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसणं. दुसऱ्या संध्याकाळी गाडीने शांती स्तूप. तो १९९१ चा आहे, जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने बांधलेला. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने खाली, आल्चीच्या गोंपाला. आल्ची लेहपेक्षा हजारभर फूट खाली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच बरी. मग थिकसे आणि हेमिसचे गोंपा. त्यानंतर नुब्रा. वाटेत खारदुंग-ला खिंड चढावी लागते, पण मुक्काम परत खाली होतो, आणि तिथे दिस्कितला १०० फुटांहून उंच मैत्रेय, म्हणजे पुढे येणारे बुद्ध, उघड्या आभाळाखाली बसलेले दिसतात. पँगाँग अगदी शेवटी, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पाणी पाहून मला लोणार आठवलं, तेही खारं आहे म्हणून. पण हे १३० किलोमीटरहून लांब, आणि पलीकडचा काठ तिबेटात. तिथे पाय धुवू नका, पुड्या टाकू नका. त्या लोकांसाठी सरोवर ही पूजेची जागा आहे.

आल्चीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सात दिवसांच्या सहलीत ते एकतर गाळतात किंवा २० मिनिटांत उरकतात. २०१८ मध्ये आमचंही तसंच झालं. दुसऱ्या वेळी आम्ही तिथे अख्खी दुपार होतो. सुमत्सेक नावाचं तीन मजली मातीचं मंदिर आहे, आत अंधार. तीन कोनाड्यांत अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या मूर्ती, दोन पुरुषांहून उंच, डोकी वरच्या मजल्यात गेलेली. खालून दिसतं ते त्यांचं धोतर. तिथल्या भन्तेंनी टॉर्च मैत्रेयांच्या धोतरावर फिरवला आणि माझी आई एकदम म्हणाली, "अरे, हे तं सिद्धार्थ आहे!" त्या धोतरावर तळहाताएवढ्या चित्रांत अख्खं बुद्धचरित्र रंगवलंय. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं काम, काश्मिरी कलाकारांच्या हातचं. जन्म, घोडा, बोधी. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पण दर पौर्णिमेला विहारात ऐकलेली कथा तिने न सांगता ओळखली आणि बाकीच्या बायांना बोटाने दाखवत गेली. आत फोटो काढू देत नाहीत. बरंच आहे, सगळे बघत होते.

यासाठीच गाइड कोण आहे ते विचारा. दिल्लीहून गटासोबत येणारा मुलगा हॉटेल आणि जेवण सांभाळतो, गोंपातलं त्याला माहीत नसतं. स्थानिक, हिंदी बोलणारा लडाखी गाइड हवा. आपल्या माणसांना आत गेल्यावर प्रश्न पडतात, आणि ते योग्य प्रश्न आहेत. आपण १९५६ च्या दीक्षाभूमीवरून आलेली माणसं, विहारात बुद्ध आणि बाबासाहेब, बावीस प्रतिज्ञा पाठ. तिथे काळ्या खोलीत उग्र चेहऱ्यांच्या रक्षक देवता, लोण्याचे दिवे, मुखवट्यांचा नाच. आमच्यातले एक काका चिडले, "हे आपलं नव्हे." आमच्या गाइडने वाद घातला नाही. वज्रयान हा तिकडचा बौद्ध पंथ म्हणजे काय, त्या उग्र मूर्ती आतल्या रागा-लोभाशी झगडण्याची रूपं कशी मानतात, ते त्याने पायरीवर बसून अर्धा तास सांगितलं. काकांना पटलं असं नाही, पण पुढच्या गोंपात ते स्वतःहून पुढे जाऊन विचारू लागले. असा अर्धा तास वेळापत्रकात असायला हवा.

निघण्याआधी एक जवळची वाट सांगतो. आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. हिवाळ्यात स्वेटर विकतात ती हीच माणसं. तिथे त्यांचा गोंपा आहे. एखाद्या रविवारी सगळा गट घेऊन या. प्रार्थनाचक्र कोणत्या हाताने आणि कसं फिरवायचं, स्तूप उजवीकडे ठेवून कसं चालायचं, चप्पल-टोपी कुठे काढायची, हे तिथल्या आजीबाई हौसेने शिकवतात. आणि खर्ऱ्याचं, सुपारी-तंबाखूचं, आताच ठरवा. गोंपाच्या भिंतीशी पिचकारी मारलेली मी आपल्याच माणसाची पाहिली आहे, मान खाली गेली. दारूही त्या उंचीवर पहिले दिवस पूर्ण बंद.

सप्टेंबर तुम्ही बरोबर निवडलाय. रोवणी आटोपलेली, हलका धान कापायला अवकाश, तिकडे रस्ते मोकळे. हेमिसचा मोठा उत्सव जून-जुलैत येतो, तेव्हा आपण पऱ्ह्यांत, धानाच्या रोपांत अडकलेले असतो. मोबाइलचं आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, गटात दोघा-तिघांकडे पोस्टपेड असू द्या.

टूरवाला सात दिवसांवरच अडून बसला तर त्याला सांगा, नुब्रा किंवा पँगाँग यातलं एक काढ आणि लेहचे दोन दिवस मोकळे ठेव. प्रत्येक गाडीत ऑक्सिजनची भरलेली टाकी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, आणि एकाला परत न्यायचं झालं तर त्याच्यासाठी गाडी कोणती, हे लेखी घ्या. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

आणि आईंची तपासणी वाहक आली, किंवा डॉक्टरांनीच नको म्हटलं, तर त्यांना घरी बसवू नका. हिमाचलात मंडीजवळ रेवालसर आहे, साडेचार हजार फुटांच्या आत. तिबेटी लोक त्याला त्सो पेमा म्हणतात. तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या गुरू पद्मसंभवाचं पवित्र सरोवर, काठावर गोंपा, वर डोंगरावर त्यांची १२० फुटांहून उंच मूर्ती, पाण्यात माणसाला न घाबरणारे मासे. हिंदू आणि शीखही ते पवित्र मानतात. माझा आतेभाऊ गेल्या वर्षी बहिणीला घेऊन तिथेच गेला, चार दिवस राहिला आणि रोज सकाळी तळ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

तपासणीचे निकाल आले की सहलीचा दिवसवार कार्यक्रम इथेच टाका. कोणता दिवस कुठे सरकवायचा ते मी बघून सांगतो.