पगार साडेअकरा हजार, तरी दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापतात. शेजारच्या ताईंना वीस हजार असून शून्य. हिशेबात चूक आहे का?

हिशेबात चूक नाही. कायद्यात आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

मी एका छोट्या कारखान्यात पगार करतो. फेब्रुवारीचा पगार झाला की कोणीतरी स्लिप घेऊन टेबलाशी येतंच, "साहेब, यावेळी शंभर जादा कापले." वर्षाचे 2,500 भरायचे असतात. अकरा महिने 200 धरले तर 2,200 होतात, उरलेले 300 फेब्रुवारीत.

महाराष्ट्रात पुरुषाला महिना 7,500 पर्यंत माफी आहे, 10,000 पर्यंत 175 आणि त्यापुढे सगळ्यांना 200. बायकांची मर्यादा आधी 10,000 होती, ती एप्रिल 2023 पासून 25,000 झाली. म्हणून ताईंचे कापत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. पण पुरुषांची मर्यादा आहे तिथेच राहिली. साडेसात हजारांत आज पूर्णवेळ माणूस मिळतो कुठे? आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या काकांचेही 200 जातात.

वर्षाला तुमचे 1,38,000 होतात, म्हणजे शंभर रुपयांमागे एक रुपया ऐंशी पैसे गेले. महिना दोन लाख घेणारा मॅनेजरही 2,500च भरतो, त्याचे शंभरामागे दहा पैसे. वरच्याकडून जास्त घेता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 276 मध्येच वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा आहे. 1988 च्या घटनादुरुस्तीआधी ती 250 होती, त्यानंतर हललेली नाही. खालच्याला सोडायला मात्र घटना आड येत नाही.

हा कर 1975 चा, रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा करायला आणलेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या पायऱ्यांबद्दल. आमच्या एका ताईंना 24,800 पगार होता. 300 रुपये वाढले, 25,100 झाले, आणि त्याच महिन्यापासून 200 कापायला लागलो. पीएफ वगैरे बाजूला ठेवला तरी हातात वाढ शंभराची.

"आणि फेब्रुवारीत?" त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीत 300 कापणार. म्हणजे हातात जुनाच पगार.