‘माइंड’ला जर्मनमध्ये काय म्हणावे?

प्रश्न : इंग्रजी लेखांचा जर्मन अनुवाद करताना ‘माइंड’ या शब्दापाशी मी दर वेळी अडतो. शब्दकोशात ‘गाइस्ट’, ‘फेरश्टांड’, ‘झिन’, ‘गेम्यूट’ असे पर्याय दिलेले असतात. त्यांतला कोणता घ्यावा?

उत्तर : शब्द सुटा घेतला, तर याचे उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. आधी वाक्य पाहावे. विचार करण्याची, समजून घेण्याची शक्ती अभिप्रेत असेल, तर ‘फेरश्टांड’. म्हणूनच वेड लागणे म्हणजे जर्मनमध्ये ‘फेरश्टांड’ गमावणे. ‘दृष्टीआड ते मनाआड’ या अर्थाच्या म्हणीत मात्र ‘झिन’ येतो, आणि भावनाशील स्वभावासाठी ‘गेम्यूट’.

खरी पंचाईत ‘गाइस्ट’ची आहे, कारण तत्त्वज्ञानात ‘माइंड’साठी हाच शब्द रूढ असला, तरी त्याचा अर्थ आत्मा, चैतन्य आणि चक्क भूत असाही होतो. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या १८०७ सालच्या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘गाइस्ट’ला बेलींच्या १९१० सालच्या इंग्रजी अनुवादात ‘माइंड’ म्हटले आहे, तर मिलर यांच्या १९७७ सालच्या अनुवादात ‘स्पिरिट’; म्हणजे उलट दिशेनेही हा पेच सुटलेला नाही.

‘विचार बदलणे’ किंवा ‘माझी हरकत नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारांत तर जर्मनमध्ये मनवाचक नामच उरत नाही. तेथे ‘युबरलेगन’ (विचार करणे) यासारखे क्रियापद किंवा ‘मला त्याने काही फरक पडत नाही’ अशा धर्तीची वाक्यरचना वापरतात. अशा ठिकाणी नाम शोधत बसणे हीच माझ्या मते मूळ चूक होय.