सोसायटीच्या २४० लिटरच्या कचऱ्याच्या डब्याचं एक चाक तुटलंय. चाक बदलता येतं की नवा डबाच घ्यावा?

येतं की! चाकासाठी अख्खा डबा टाकू नका. चाक काढण्याआधी डबा रिकामा करून धुऊन आडवा करा, नाहीतर ओल्या कचऱ्याचं पाणी तुमच्याच पायावर येईल.

या डब्यांची चाकं बहुतेक २०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण ८ इंची असतात. फसगत होते ती मधल्या भोकात. दोन्ही चाकांतून जाणाऱ्या लोखंडी दांड्याची जाडी कंपनीनुसार वेगळी असू शकते, त्यामुळे नुसतं ‘मोठ्या डब्याचं चाक द्या’ म्हणून चालत नाही. जुनं चाकच दुकानात घेऊन जा.

काढायचं कसं? दांड्याच्या टोकाला पत्र्याची टोपी असेल तर ती पेचकसाने उचकटा. ती वाकतेच, म्हणून नवी आणायची. काही चाकांत मात्र आतल्या बाजूला खटक्याची पिन असते. ती ओढून धरली की चाक सुटतं, आणि नवं चाक ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबलं की बसतं. टोपीवालं असेल तर चाक आणि वॉशर घालून टोपी हातोडीने ठोका, पण दुसरं टोक फरशीवर टेकवून, नाहीतर पलीकडची टोपी निघून येते.

दांडा गंजला असेल तर पॉलिश पेपर मारून थोडं ग्रीस लावा. चाकं शक्यतो जोडीनेच बदला. आणि डब्याची दांड्याची खाचच फुटली असेल, तर मात्र नव्या चाकावर पैसे घालू नका.