वाचकांचे प्रश्न : युद्धानंतरचे जंगल आणि घरातली चूल

प्रश्न : आमच्या ग्रामसभेच्या अभ्यासगटात युद्धाने उजाड झालेल्या देशांचा विषय निघाला. आमच्या गावालगतच्या झुडपी जंगलाच्या जमिनीवर चार वर्षांपूर्वी रोपे लावली गेली. आज तिथे बहुतेक खड्डेच उरले आहेत. शांतता असलेल्या मुलखात ही गत, तर तिजोरी रिकामी आणि माणसे विस्थापित असलेल्या देशाने वनीकरणाचे राष्ट्रीय धोरण आखावे तरी कसे?
— एक शिक्षक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : अशा देशाने धोरणाची सुरुवात चुलीपासून करावी, असे आमचे मत आहे. दक्षिण कोरियाचे उदाहरण त्यासाठी फार उपयोगी पडते. जपानी राजवटीतील तोड आणि त्यामागोमाग 1950 ते 1953 चे युद्ध यांमुळे तेथील डोंगर इतके बोडके झाले होते, की हेक्टरी उभा लाकूडसाठा जेमतेम सहा घनमीटरच्या आसपास उरला होता. आज तो 160 घनमीटरच्या वर आहे आणि देशाच्या भूमीपैकी सुमारे 63 टक्के भाग वनाखाली आहे. कोरियन घरांत जमिनीखालून धूर आणि उष्णता फिरवून खोल्या उबदार ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि हिवाळाभर त्या भट्टीत सरपणच जात असे. जोवर ही भट्टी लाकडावर पेटत होती, तोवर लावलेले रोप वाढण्याआधीच मोळीत बांधले जाणार, हे उघड होते. म्हणून सरकारने शहरांत सरपण आणण्यावर निर्बंध घातले, कोळशाच्या वड्यांचा पुरवठा वाढवला आणि खेड्यांसाठी लवकर वाढणाऱ्या झाडांची सरपणाची वने वेगळी लावून घेतली. (ज्या कोळशाने कोरियाचे डोंगर वाचवले, त्याच कोळशाच्या उघड्या खाणींसाठी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात जंगल जाते, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

दुसरी गोष्ट कामाच्या रचनेची. 1967 मध्ये तिथे स्वतंत्र वन प्रशासन उभे राहिले. 1973 मध्ये ते गृह मंत्रालयाखाली आणले गेले, म्हणजे प्रांताचे, तालुक्याचे आणि पोलिसांचे प्रमुखही झाडांना जबाबदार झाले. त्याच वर्षी दहा लाख हेक्टरांची दहा वर्षांची योजना सुरू झाली आणि 1978 मध्येच लक्ष्य गाठले गेले. गावोगावच्या वनसंस्थांनी रोपे वाढवायची, सरकारने ती विकत घ्यायची, त्यामुळे रोपवाटिका हे गावाच्या मिळकतीचे साधन बनले. आपल्या खड्ड्यांच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणी : एका प्रांतातील लागवड दुसऱ्या प्रांताचे अधिकारी पाहायला जात आणि किती लावली याहून किती जगली, याची मोजणी करत. महाराष्ट्रात 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. असा आकडा जाहीर करणे सोपे असते, शेजारच्या जिल्ह्याच्या माणसाने येऊन जिवंत रोपे मोजणे मात्र कोणालाच सोयीचे नसते.

तथापि हे उदाहरण जसेच्या तसे उचलू नये. तो काळ हुकूमशाहीचा होता. डोंगरावर जाळून शेती करणाऱ्या कुटुंबांना खाली हलवण्यात आले, सरपण तोडणाऱ्याला शिक्षा होई, आणि गावकऱ्यांचे श्रम नेहमीच स्वेच्छेचे होते असे म्हणता येणार नाही. ज्या देशात युद्धाने आधीच माणसे उठवली आहेत, तिथे वनांच्या नावाने पुन्हा उठवणे म्हणजे पुढच्या भांडणाची पेरणी करणे होय.

म्हणून हक्काचा प्रश्न लागवडीच्या आधी सुटावा. व्हिएतनाममध्ये 1943 साली सुमारे 43 टक्के असलेले वनाच्छादन 1990 पर्यंत 28 टक्क्यांच्या आसपास आले. 1961 ते 1971 या काळात अमेरिकेने फवारलेली सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके हे त्याचे एक कारण, पण युद्धानंतरची तोड आणि शेतीविस्तार ही कारणेही लहान नव्हती. 1993 च्या जमीन कायद्याने वनजमीन दीर्घ मुदतीने कुटुंबांकडे देण्याची वाट मोकळी केली; 1992 चा वनीकरणाचा कार्यक्रम आणि 1998 पासूनचा 50 लाख हेक्टरांचा कार्यक्रम त्याच सुमारास राबवले गेले. आज आच्छादन 40 टक्क्यांच्या वर आहे. त्यातील लावलेल्या वनांत मोठा वाटा बाभळीच्या जातीच्या एकसुरी लागवडीचा आहे, आणि तिला जंगल म्हणावे का, हा वाद सागाच्या रांगा पाहिलेल्या आपल्या वाचकांना नवा नाही.

आपल्याच तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ज्या गावाला आपला बांबू आपण विकता येतो, त्या गावाला तो जपण्याचे कारण असते. अभ्यासगटाने तेथील लोकांशीच बोलावे.

प्रश्न : ज्या जमिनीत न फुटलेले बॉम्ब आहेत, तिथे खड्डे कोण खोदणार?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी सफाई, मग कुदळ, हाच क्रम आहे आणि तो खर्चिक आहे. फ्रान्सने पहिल्या महायुद्धातील व्हर्दूनजवळची अशी जमीन शेतीस परत न देता तिथे वन लावले, आणि उद्ध्वस्त गावे तशीच सोडली. व्हिएतनामच्या क्वांग त्री प्रांतात आजही बॉम्ब सापडतात. याउलट हो ची मिन्ह शहराजवळच्या कान झो येथे तणनाशकांनी मेलेली खारफुटी 1978 पासून पुन्हा लावली गेली. बियाणे दूरच्या का माऊ भागातून आणावे लागले, कारण जवळपास बी देणारे झाड शिल्लक नव्हते.