व्हिएन्नात एकच रात्र असेल तर

एकटी आहेस म्हणून घाबरू नकोस, फक्त खोली हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनाजवळच घे. विमानतळावरून रेलजेट ही रेल्वेगाडी साधारण पंधरा मिनिटांत तिथे पोचवते. विमानतळाची वेगळी, महागडी कॅट (सिटी एअरपोर्ट ट्रेन) गाडी अजिबात नको. मेट्रोत शिरण्याआधी तिकीट काढून घे. तिकीट नसेल तर दंड बसतो, आणि तपासनीस साध्या कपड्यांतही फिरतात.

संध्याकाळी स्टेशनाजवळून डी ट्राम पकड, खिडकीशी बस: ऑपेरा, संसद, राटहाउस (नगरभवन), सगळं ओळीने दिसतं. मला तर टूर बसपेक्षा हेच आवडतं.

रविवारी दुकानं बंद असतात, पण स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. पाणी विकत घेऊ नकोस, नळालाच आल्प्समधल्या झऱ्यांचं येतं. शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर चालते, एरवी रात्रीच्या बस असतात.